मेणबत्तीचा जोडधंदा: वसईतलं पहिलं वर्ष

मेणबत्ती करणं सोपं आहे. मेण वितळवायचं, साच्यात वात ताणून बांधायची, ओतायचं, गार झालं की काढायचं. सुट्टीच्या एका दुपारी कुणालाही जमेल. अवघड असतं ती अनोळखी माणसाला पैसे घेऊन देणं, कारण ती त्याच्या घरात, तुम्ही समोर नसताना, उघड्या ज्योतीने जळणार असते. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये हा उद्योग सुरू केला. नोकरी अंधेरीला, घर वसईला, त्यामुळे हाताशी रात्री आणि रविवार एवढंच. पहिलं वर्ष कसं गेलं, कुठे किती थांबावं लागलं आणि पैसे कुठे गेले, ते क्रमाने लिहिते.

२ फेब्रुवारीला चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. त्या सणासाठी आम्ही दरवर्षी बाजारातूनच मेणबत्त्या आणतो. त्या वर्षी आणलेल्या निम्म्या वाकड्या निघाल्या आणि घरी येईपर्यंत दोन-तीन मोडल्या. ‘यापेक्षा बऱ्या घरी होतील’ असं मी म्हटलं आणि सासूबाईंनी ते मनावर घेतलं. शनिवारी त्याच मला ढकलत क्रॉफर्ड मार्केटला घेऊन गेल्या.

मरीन लाइन्सला उतरून चालत गेलं की मार्केटच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत मेण, वाती, साचे, रंग, सुगंध सगळं मिळतं. पॅराफिन मेणाच्या पांढऱ्या लाद्या असतात, मला किलोला १५० रुपये पडले. सोयाबीनच्या तेलापासून केलेलं सोया मेण पापडीसारख्या चुऱ्यात येतं, ते ३८० रुपये किलो. याशिवाय मेण कडक करणारं स्टिअरिक अॅसिड, सुती वेणीच्या वाती, वातीखालच्या पत्र्याच्या चकत्या, अॅल्युमिनियमचे चार साचे, थर्मामीटर, काचेचे डझनभर जार आणि सुगंधाच्या तीन बाटल्या घेतल्या. पहिल्या खेपेला नऊ हजारांच्या आसपास गेले. एक सांगते: पहिल्याच दिवशी सुगंधाच्या दहा बाटल्या घेऊ नका. दुकानात दहाही वास छान वाटतात आणि मेणात गेल्यावर त्यातले चार-पाच ओळखूही येत नाहीत. येताना लाद्यांची पिशवी लगेजच्या डब्यात टाकली. तिथल्या मासेवाल्या मावशींनी ‘खोबरं का गं?’ विचारलं आणि मेण आहे म्हटल्यावर दोघींनी तिथल्या तिथे नखाने कोरून बघितलं.

आमचं घर वाडीतलं, मागे एक जुनी पडवी आहे. तिथे इंडक्शन शेगडी मांडली. घरगुती गॅस सिलिंडर धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, आणि तसंही मेणाशेजारी उघडी आच नकोच. मेण थेट भांड्यात कधीच तापवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. वितळलेल्या मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी मारायचं नाही, भडका उडतो. झाकण घालायचं आणि शेगडी बंद करायची. पडवीत घट्ट बसणारं झाकण आणि वाळूची बादली कायम ठेवलेली असते. मूल आत येणार नाही अशी कडी दाराला वरच्या बाजूला लावून घेतली. या सगळ्याला खर्च फारसा नाही, पण ते आधी केलं तरच रात्री निवांतपणे काम होतं.

मार्च ते मे मी एकही मेणबत्ती विकली नाही. घरच्यांना हे पटत नव्हतं. कारण होतं वात.

काचेच्या जारमधली मेणबत्ती घ्या. माझा जार आतून सात सेंटीमीटर रुंद आहे. चांगली वात असेल तर साधारण तीन तासांत वितळलेल्या मेणाचं तळं काचेच्या कडेपर्यंत पोचतं. वात बारीक असेल तर मध्येच विहिरीसारखा खड्डा पडतो, कडेचं मेण तसंच राहतं आणि ज्योत शेवटी त्याच खड्ड्यात बुडून विझते. वात जाड असेल तर टोकाला काजळीची गाठ धरते, ज्योत नाचते, जारच्या गळ्याशी काळं चढतं आणि काच हात लावता येणार नाही इतकी तापते. हे मी वहीत लिहीत गेले: वातीचा नंबर, मेण, सुगंध किती टक्के, एका तासाने तळं किती, तीन तासांनी किती, विझवल्यावर धूर किती. गंमत म्हणजे मोगऱ्याला जी वात बरोबर बसली ती चंदनाला चालली नाही. सुगंधाचं तेल बदललं की मेणाचं जळणं बदलतं, म्हणजे प्रत्येक वासाला परत पहिल्यापासून.

त्यात सोया मेण ओतल्यावर लगेच पेटवून उपयोग नसतो. आठवडा-दोन आठवडे ते मुरावं लागतं, तेव्हा कुठे खोलीत वास नीट पसरतो. मग ती तीन-तीन, चार-चार तास करत तळापर्यंत जाळायची, कारण अर्धा जार उरल्यावरचं वागणं वेगळं असतं. एका वातीचा निकाल हातात यायला तीनेक आठवडे जातात. म्हणून एकाच वेळी चार वेगवेगळ्या वातींचे जार ओता आणि खाली चिकटपट्टीवर तारीख लिहा. बाजारातून जास्तीच्या घ्यायच्या असतील तर वाती घ्या, वास नव्हे.

सोनचाफ्याचा वास मात्र मी सोडूनच दिला. वसईच्या वाड्यांतून रोज पहाटे सोनचाफा आणि मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. इथल्या माणसाला बाटलीतला चाफा नाकाजवळ धरताक्षणी कळतो. शेजारच्या काकूंनी हुंगून ‘हा साबण आहे’ एवढंच म्हटलं.

मे महिन्यात दोन जार कुरिअरने नागपूरला नणंदेकडे मुद्दाम पाठवले. काय होतं ते बघायचं होतं. काच फुटली नाही, पण मेण वाटेत मऊ होऊन एका बाजूला कललं होतं आणि वात कडेला जाऊन आडवी झाली होती. सोया मेण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत काय तापमान होत असेल याचा अंदाज कुणीही करावा. तेव्हापासून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत जार बाहेरगावी पाठवत नाही. कुणी मागितले तर पावसाळ्यानंतर असं सांगते. लोक थांबतात.

जूनमध्ये कागदपत्रांना हात घातला. भीती होती, पण क्रम नीट लावला तर फारसा त्रास झाला नाही.

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद. सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, कागद काही चढवावे लागत नाहीत. शोधायला गेलात तर सरकारी वाटतील अशी खासगी संकेतस्थळं आधी दिसतात आणि ‘नोंदणी शुल्क’ म्हणून हजार-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघूनच पुढे जा. उद्योगाचा कोड निवडताना मेणबत्त्या ३२९० या ‘इतर उत्पादन’ गटात येतात, हे शोधण्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली.

मग शॉप अॅक्ट, म्हणजे दुकानं आणि आस्थापनांचा कायदा. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार २०२४ मध्ये दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना काढावा लागत नव्हता, धंदा सुरू केल्याची सूचना फक्त ऑनलाइन द्यायची होती. नमुना ‘एफ’ भरला की नमुना ‘जी’ मध्ये पोचपावती मिळते. त्याला मराठी पाटीसह जागेचा फोटो लागतो. आमच्याकडे पाटीच नव्हती. मुलाच्या प्रकल्पाच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर सासूबाईंनी सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं, पडवीच्या खांबाला टांगलं आणि फोटो काढला. पोचपावती आठवड्याभरात आली. ती पाटी अजून तिथेच आहे. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे सुरू करण्याआधी सोसायटीशी बोलून घ्या. मेण आणि ज्योत म्हटलं की लोकांना प्रश्न पडतात, आणि ते बरोबरच आहे.

चालू खात्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. एकट्या मालकीच्या धंद्याला बँक साधारणपणे धंद्याचे दोन पुरावे मागते. माझ्याकडे उद्यम आणि शॉप अॅक्ट होतं. तरीही शाखेत आधी जीएसटीचा नंबर मागितला गेला, मग ‘साहेब रजेवर आहेत’, मग पत्त्यातल्या वाडीच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही. जवळजवळ महिना गेला. शेवटी मी एका कागदावर ‘वस्तूंच्या विक्रीसाठी जीएसटीची मर्यादा ४० लाख, माझी अपेक्षित उलाढाल दीड लाख’ असं लिहून सही करून दिलं आणि गाडं हललं. असा अर्ज पहिल्याच दिवशी घेऊन जा.

जीएसटीबद्दल अजून एक. ती ४० लाखांची सूट राज्याच्या आतल्या विक्रीला आहे. राज्याबाहेर माल विकायचा तर नियम वेगळे. हस्तकलेच्या वस्तूंना त्यात सवलत आहे, पण तिच्या अटी वाचल्यावर मी पहिलं वर्ष महाराष्ट्रातच विकायचं ठरवलं. ऑनलाइन बाजारपेठेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही आपल्या राज्यात विकता येतं, त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मी तो घेतला, पण वापरला फार कमी. तिथल्या दलालीनंतर हातात उरत नाही.

लेबलचं प्रकरण मला कुणीच सांगितलं नव्हतं. बंद पाकिटात किंवा डब्यात विकायची वस्तू वैध मापन शास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या सरकारी विभागाच्या, नियमांत येते. वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, जार सोडून मेणाचं निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, एका ग्रॅमची किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल, एवढं सगळं हवं. उत्पादक म्हणून त्या विभागाकडे नोंदणीही करावी लागते, शुल्क ५०० रुपये. घराचा पत्ता शे-दोनशे अनोळखी घरांत जाणार हे मला खटकत होतं. दोन दिवस त्यावरच चर्चा झाली. पर्याय नव्हता, छापला. फोन नंबर मात्र वेगळा घेतला. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, विभागाचा शिक्का असलेला लागतो. तो २,८०० ला पडला.

लेबलवर कायद्याने मागितलेलं नाही तेही मी छापते: पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण कडेपर्यंत वितळू द्या, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नको, दर वेळी पाव इंच वात ठेवून बाकीची कापा, तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबा. ते शेवटचं वाक्य ठळक आहे. मेण संपल्यावर ज्योत थेट काचेच्या तळाला भिडते.

जुलै-ऑगस्ट ओले गेले. पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी, उघड्या राहिलेल्या वाती दमट होऊन तडतडायच्या, सोया मेणावर पांढरट बर्फासारखे डाग. हे डाग मेणाच्या स्फटिकांमुळे पडतात, जळण्यात काही फरक पडत नाही, पण गिऱ्हाईक बोट ठेवतं. ओतताना मेण फार गरम न ठेवणं आणि जार हळूहळू गार होऊ देणं याने ते कमी झाले, गेले नाहीत. रंगीत मेणात जास्त दिसतात, म्हणून मी रंग बंद केला.

सप्टेंबरमध्ये वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला गेलो. ८ सप्टेंबरला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी ती सुरू होते आणि आठवडाभर चालते. नवसाच्या मेणाच्या वस्तू तिथे बघण्यासारख्या असतात: हात, पाय, घर, बाळ. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं ते मेणात घ्यायचं आणि मातेला वाहायचं. या वेळी मी वस्तूंपेक्षा विक्रेत्यांकडेच बघत होते. किंमत गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगितलेली, माल उंचावर, सुटे पैसे एका हाताशी. जारवाल्या मेणबत्त्या एकाकडेही नव्हत्या. परत येताना डोक्यात २ नोव्हेंबर होता.

सर्व मृतांच्या स्मरणदिनी वसईत संध्याकाळी घरोघरची माणसं दफनभूमीत जातात. थडगी धुतलेली, फुलं घातलेली असतात आणि प्रत्येकावर मेणबत्त्या. अडचण एकच, वारा. समुद्र जवळ. बारीक मेणबत्ती पाच मिनिटांत विझते किंवा एका अंगाने वाहून जाते. लोक पुन्हापुन्हा पेटवत बसतात.

आधी कुंभाराकडून मातीची बोळकी आणली. दिसायला फार सुरेख. पण ओतल्यानंतर दुसऱ्या दिवशी बोळक्याच्या बाहेर तेलकट कडी उमटली आणि ती रोज वर सरकत राहिली. झिलई नसलेली माती मेण पिते. असं मेण प्यायलेलं मातीचं भांडं स्वतःच वातीसारखं पेटू शकतं. बोळकी बाद झाली, आता त्यात कोथिंबीर आहे.

उपाय वहीतच होता. जारमध्ये बारीक वातीने पडणारी ती विहीर! पॅराफिनमध्ये थोडं स्टिअरिक अॅसिड घालून मेण कडक केलं, अडीच इंच जाड आणि तीन इंच उंच ठोकळा ओतला, आणि मुद्दाम बारीक वात घातली. तासाभरात ज्योत कडेच्या खाली उतरते आणि मग मेणाचीच भिंत वारा अडवते. वरून बघितलं तर आत पिवळा उजेड भरलेला, भिंत अर्धपारदर्शक होऊन बाहेरूनही उजळलेली. गच्चीवर टाकीच्या शेजारी, जिथे वारा सगळ्यात जास्त लागतो तिथे रात्री लावून ठेवल्या. पहाटे उठून गेले तेव्हा बहुतेक पेटत होत्या. एकीचं मेण जवळजवळ २१५ ग्रॅम, माल धरून खर्च ३७ रुपये. किंमत ७० ठेवली. सुट्या विकायच्या म्हणून खोकं नाही, सजावट नाही.

२०२४ मध्ये दिवाळीचा पाडवा आणि २ नोव्हेंबर एकाच दिवशी आले. ऑक्टोबरभर झोप कमी. दोन दिवसांच्या दिवाळी प्रदर्शनात टेबल घेतलं, भाडं ३,००० रुपये. जार तिथे विकले गेले, पण प्रत्येक विक्रीला दहा मिनिटं बोलणं. लोक झाकण उघडतात, हुंगतात, ठेवतात, फोटो काढतात, ‘ऑनलाइन स्वस्त मिळतात’ म्हणतात. दुपारी ऊन टेबलावर आलं तेव्हा माल खाली घ्यावा लागला. क्यूआर कोडचा कागद मोठा छापून उभा लावा, तो आडवा ठेवला की पिशव्यांखाली जातो.

पांढऱ्या ठोकळ्यांची तऱ्हा निराळी. फादरांना विचारून धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवाराबाहेर, रस्त्याच्या कडेला दोन दिवस बसलो. मला अवघडल्यासारखं होत होतं. माणसं आपल्या माणसाच्या थडग्याकडे चाललीत आणि आपण पैसे मोजतोय. सासूबाईंना तसं काही वाटलं नाही, त्या सरळ हाक मारत होत्या. एक म्हातारी आली, लाल लुगडं नेसलेली. ठोकळा हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, ‘बाय, रात्रभर राहील ना?’ मी म्हटलं, ‘आजी, गच्चीवर वाऱ्यात लावून बघितलीय. पहाटेपर्यंत राहिली.’ तिने दोन घेतल्या, एकीचे पैसे दिले आणि दुसरीचे सकाळी बघून देईन म्हणाली. रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, तिने मला गाठून पैसे दिले. तिच्याबरोबर जाऊबाई होत्या, त्यांनी मृताच्या मासिक स्मरणाच्या मिस्सेसाठी सहा सांगितल्या.

डिसेंबरमध्ये नाताळच्या भेटींसाठी जारची मागणी आली. एका भेटवस्तूंच्या दुकानदाराने माल ठेवायची तयारी दाखवली, चाळीस टक्के त्याचे. तेव्हा बसून जारचा खर्च मांडला: मेण ६३, सुगंध ४०, जार झाकणासकट ५८, वात आणि चकती ५, लेबल ६, खोकं २२. झाले १९४. किंमत ३६०, म्हणजे दुकानातून हाती २१६. बावीस रुपयांत माझी वेळ, वीज, प्रवास आणि फुटतूट. त्यात पैसे दोन महिन्यांनी. नम्रपणे नाही म्हटलं. नाताळच्या ऑर्डरी थेट घेतल्या, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन. आगाऊ मागायला सुरुवातीला जीभ अडते, पण गिऱ्हाईक सहज देतं.

मार्चअखेरीस हिशेब केला. विक्री साधारण एक लाखाची. त्यात माल ५२ हजार, साचे-काटा-भांडी १६ हजार, भाडं, प्रवास आणि कागदपत्रं मिळून ११ हजार. हातात २१ हजारांच्या आसपास. रात्रींचे तास यात धरलेले नाहीत, ते धरले तर आकडा वेगळाच दिसेल. फोटोंवर सगळ्यात जास्त अंगठे जारना मिळाले, नफ्याचा मोठा वाटा पांढऱ्या ठोकळ्यांचा.

आयकराचं सांगायचं राहिलं. पगारासोबत धंद्याचं उत्पन्न आलं की विवरणपत्राचा नेहमीचा नमुना, आयटीआर-१, चालत नाही. छोट्या धंद्यासाठी अंदाजित नफ्याच्या तरतुदीखाली (त्या वर्षी ते कलम ४४ एडी होतं) आयटीआर-४ भरता येतो. त्यात बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के नफा दाखवायचा असतो, प्रत्यक्ष जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. म्हणून रोख आणि यूपीआय पहिल्या दिवसापासून वेगळे लिहा. मी साध्या वहीत दोन रकाने केले होते, सीएंनी पाचशे रुपये कमी घेतले.

नाव राखून ठेवायला ट्रेडमार्क घ्यायचा विचार आहे. मेणबत्त्या वर्ग ४ मध्ये येतात, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये. तूर्तास ते पैसे आणखी आठ साच्यांत घातले आहेत. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आमच्याकडच्यासारखे ठोकळे करावेत असं नाही, तुमच्या गावात कोण, कधी आणि कशासाठी मेणबत्ती लावतं ते आधी बघा. साचे अडीच इंची घेणार असाल तर दोन भागांत उघडणारेच घ्या. सलग साच्यातून ठोकळा निघत नसेल तर थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको, तडे जातात.